पलंगाच्या चादरीएवढं शीड

(आपल्या पॉडकास्टच्या या भागाचा मजकूर. बोलले तसाच ठेवलाय. फक्त अडखळणं आणि मागून ऐकू येणारी कुकरची शिट्टी काढून टाकलीय.)

  

आज एका होडीबद्दल बोलायचंय. मोठं जहाज नाही, क्रूझ नाही. लहान मुलांची होडी. आणि लहान मुलांची म्हणजे खेळण्यातली नव्हे बरं का. खरी, शिडाची, समुद्रात जाणारी. तिच्यात एकच मूल बसतं आणि एकट्यानं ती चालवतं. तिचं नाव ऑप्टिमिस्ट. म्हणजे आशावादी. हे नाव का पडलं तेही सांगते.

पण सुरुवात घरातल्या गोष्टीनं करते. गेल्या मे महिन्यात माझी दहा वर्षांची भाची मुंबईत शिडाची होडी शिकायला जायला लागली. उन्हाळी वर्ग होता. एका रविवारी ताई म्हणाली, "चल गं, आज पहिल्यांदा ती एकटी जाणार आहे. मला एकटीला बघवणार नाही." म्हणून मी गेले. दुपारची वेळ, पाणी चकाकतंय, आणि दूरवर पाच-सहा पांढरी शिडं. त्यातली आमची कुठली हे आम्ही शिडावरच्या नंबरावरून शोधत होतो.

वारा वाढला. आणि एकदम त्यातलं एक शीड आडवं झालं. पाण्यावर सपाट. नंबर बघायची गरजच पडली नाही. ताईनं माझा हात इतका घट्ट धरला, की संध्याकाळपर्यंत नखांच्या खुणा होत्या. ती ओरडत होती. आणि सरांची मोटरबोट? ती तिथेच, वीसेक मीटरवर थांबलेली. जवळ जात नव्हती.

इथेच थांबते जरा. पुढे काय झालं ते सांगणार आहे, घाबरू नका. पण सर जवळ का गेले नाहीत हे कळायला आधी ही होडी कळायला हवी.

आठ बाय चारचे दोन प्लाय

साल १९४७. अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात क्लिअरवॉटर नावाचं समुद्रकाठचं गाव. त्या काळी अमेरिकेत मुलांच्या एका शर्यतीचं वेड होतं. खोकी आणि चाकं जोडून गाडी बनवायची, तिला इंजिन नाही, आणि उतारावरून ती सोडून द्यायची. मजा खूप, पण वर्षातून एखाद्या दिवसाची. क्लिफर्ड मॅके नावाचे एक मेजर होते. त्यांच्या मनात आलं, की आपल्याकडे डोंगर नाहीत पण पाणी आहे. मग मुलांना गाडीऐवजी होडी का देऊ नये? ती वर्षभर चालवता येईल.

ही कल्पना त्यांनी गावातल्या ऑप्टिमिस्ट क्लबपुढे मांडली. आपल्याकडे रोटरी, लायन्स असतात ना, तशीच ती समाजसेवा करणारी संस्था. होडीला नाव मिळालं ते तिथून. पण अट अशी होती की होडी पन्नास डॉलरच्या आत बसली पाहिजे आणि घरच्या घरी बनवता आली पाहिजे. गावातला एकेक दुकानदार एकेका होडीचा खर्च उचलेल, असा विचार.

मग मॅके गेले क्लार्क मिल्सकडे. मिल्स म्हणजे गावातला लाकडी बोटी बांधणारा कारागीर. आता तुमच्यापैकी कोणाच्या घरी सुताराचं काम झालं असेल तर तुम्हाला माहीत असेल, प्लायवूड आठ बाय चारच्या मापात येतं. तिथेही तेच माप होतं. मिल्सनं हिशेब केला: दोन प्लायमध्ये काम भागवायचं. मग होडी आठ फुटांपेक्षा लांब होऊच शकत नाही. आणि एवढ्याशा लांबीत पुढे टोकदार नाक काढलं तर मुलाला बसायला जागा उरत नाही. म्हणून त्यानं नाक कापलं आणि पुढची बाजू सरळ, बोथट ठेवली.

आजही ऑप्टिमिस्ट बघितलीत तर पहिल्यांदा हसू येतं. आंघोळीच्या टबाला शीड लावल्यासारखी दिसते ती. पण तो आकार सौंदर्यासाठी नाही, प्लायच्या मापातून आलाय. सपाट तळ आणि चौकोनी अंगामुळे ती पाण्यावर स्थिरही बसते. म्हणजे पैसे वाचवायला केलेली गोष्ट पोरांच्या फायद्याची ठरली.

मिल्सनं हा आराखडा क्लबला देऊन टाकला. पुढे १९५४ मध्ये अ‍ॅक्सेल डॅमगार्ड नावाच्या डॅनिश माणसानं ही होडी बघितली आणि कल्पना डेन्मार्कला नेली. तिथून ती युरोपभर पसरली. १९६२ मध्ये इंग्लंडमध्ये पहिली जागतिक स्पर्धा झाली, १९६५ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना उभी राहिली. आज शंभराहून जास्त देशांत ही होडी आहे आणि नोंदलेल्या होड्यांचा आकडा दीड लाखाच्या पुढे गेलाय.

वारा येईल तशी पाठ द्यायची नाही

आता होडी डोळ्यांसमोर आणा. लांबी साधारण २.३६ मीटर, म्हणजे पावणेआठ फूट. नुसत्या सांगाड्याचं वजन ३५ किलो. दोघांनी उचलून वाळूवर आणावी इतकी हलकी. शीड सुमारे ३५ चौरस फुटांचं. म्हणजे केवढं? तर सिंगल पलंगावरची चादर असते ना, जवळपास तेवढं. डोलकाठी बुटकी असते आणि शिडाचा वरचा बाहेरचा कोपरा ताणून धरायला एक तिरकी काठी असते. तिला स्प्रिट म्हणतात. बुटक्या डोलकाठीमुळे होडीचा वरचा भार कमी राहतो.

चालवायला दोनच गोष्टी. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. दोन्ही हात गुंतलेले. म्हणजे फोन धरायला हातच नाही! नऊ-दहा वर्षांची मुलं दोन-दोन तास फोनशिवाय राहतात, ते या होडीत.

दांड्याची एक गंमत आहे. तो उजवीकडे ढकलला की होडी डावीकडे वळते. पहिले दोन दिवस सगळ्यांचा गोंधळ होतो.

आता खरा प्रश्न. वारा मागून असेल तर होडी पुढे जाते, ते कळलं. पण वारा समोरून येत असेल तर? आपल्याकडे म्हण आहे, वारा येईल तशी पाठ द्यावी. सोयीचा सल्ला आहे! पण होडीत बसून नेहमीच पाठ दिली, तर तुम्ही जाल तिकडेच जाल. परत घरी येणार कसे?

तर उत्तर असं. होडीचं नाक थेट वाऱ्यावर धरलं तर शीड झेंड्यासारखं फडफडतं आणि होडी थांबते. पण साधारण ४५ अंशांत तिरकं धरलं, तर शिडाला पोट येतं आणि ते विमानाच्या पंखासारखं काम करायला लागतं. शिडाच्या एका बाजूला हवेचा दाब कमी, दुसऱ्या बाजूला जास्त, त्यामुळे होडी ओढली जाते. ही ओढ बरीचशी आडवी असते, थोडी पुढची. मग आडवी का सरकत नाही? कारण होडीच्या पोटातून एक फळी खाली पाण्यात उतरवलेली असते. डॅगरबोर्ड म्हणतात तिला. ती पाण्यात उभी राहते आणि आडवं सरकणं अडवते. मग उरतो एकच रस्ता, पुढचा. ओली साबणाची वडी मुठीत दाबली की कशी सटकते, तसं काहीसं.

आणि मग नागमोडी जायचं. थोडं उजवीकडे तिरकं, वळण, थोडं डावीकडे तिरकं, पुन्हा वळण. घाट चढताना एसटी काय करते? सरळ डोंगर चढते का? नाही ना. वळणं घेत घेत वर जाते. शिडाची होडी वाऱ्याचा घाट अशीच चढते.

भूगोलात आपण सगळ्यांनी पाठ केलंय: दिवसा खारे वारे, रात्री मतलई वारे. परीक्षेत दोन मार्कांना यायचं. माझी भाची मला म्हणाली, "मावशी, खारे वारे खरंच येतात गं! दुपारी येतात आणि शीड एकदम जड होतं." दोन मार्कांचा प्रश्न तिला हातातल्या दोरीत सापडला होता.

आणखी एक. या होडीला ब्रेक नाही. वेग कमी करायचा तर दोरी सोडायची. शीड फडफडतं, जोर जातो. ऐकायला सोपं आहे. पण माणूस घाबरला की काय करतो? हातातली वस्तू घट्ट धरतो. आणि शिडाची दोरी घट्ट धरली, की वाऱ्याचा झोत आल्यावर होडी कलते, अजून कलते, आणि उलटते. म्हणून पहिल्या दिवसापासून मुलांच्या डोक्यात एकच वाक्य बसवतात: भीती वाटली तर दोरी सोड.

त्या दिवशी आमच्या भाचीनं नेमकी ती धरून ठेवली होती.

पाण्यात काय झालं

तर होडी आडवी. ताई ओरडतेय. आता सर का थांबले ते ऐका.

ऑप्टिमिस्टमध्ये हवेनं फुगवलेल्या तीन पिशव्या बांधलेल्या असतात. त्यामुळे ती पाण्यानं भरली तरी बुडत नाही. मुलाच्या अंगात लाइफ जॅकेट असतं, त्याला शिट्टी असते. आणि शीड हातात द्यायच्या आधी, मुद्दाम होडी उलटवून ती सरळ करायचा सराव करून घेतलेला असतो. पुन्हा पुन्हा. उथळ पाण्यात, सर शेजारी उभे असताना.

आधी डोकं वर काढायचं. मग होडीला धरूनच राहायचं, किनारा कितीही जवळ वाटला तरी पोहत निघायचं नाही. ती होडीच आपला सगळ्यात मोठा ट्यूब. मग पोहत तळाच्या बाजूला जायचं, तिथे ती डॅगरबोर्डची फळी बाहेर आलेली असते. तिला लोंबकळायचं, वर चढायचं, अंगाचा भार टाकायचा. शीड हळूहळू पाण्यातून सुटतं आणि होडी उभी राहते. मग आत चढायचं. आणि मग खरं काम, पाणी उपसायचं. त्यासाठी होडीत एक डबडं दोरीनं बांधलेलं असतं. कित्येकदा प्लॅस्टिकचा कॅन तिरका कापून केलेलं. जगभरातली मुलं अशाच कापलेल्या डबड्यानं पाणी उपसतात.

आम्ही किनाऱ्यावरून बघत होतो. डोकं दिसलं. मग दिसेना, कारण ती पलीकडे गेली होती. सरांनी हात वर करून अंगठा दाखवला. आम्हाला नाही, तिला. तिनं बहुतेक उलट अंगठा दाखवला असावा, कारण ते तिथेच थांबले. मग फळीवर एक लाल जॅकेट चढलं. घसरलं. परत चढलं. घसरलं. तिसऱ्यांदा शीड उचललं गेलं, पाणी गाळत गाळत उभं राहिलं. आणि मग एक डबडं वर-खाली व्हायला लागलं.

किती वेळ गेला? ताई म्हणते अर्धा तास. मी फोनमध्ये वेळ बघितली होती: साडेसात मिनिटं.

सर पहिल्याच मिनिटाला गेले असते आणि तिला उचलून घेतलं असतं तर ती सुरक्षितच राहिली असती. पण मग "मला कोणीतरी बाहेर काढलं" एवढंच ती घरी घेऊन आली असती. ते लांब थांबले, पण नजर तिच्यावरून एकदाही हलली नाही. तिनं हात हलवला असता, शिट्टी मारली असती, तर काही सेकंदांत पोचले असते. लांब उभं राहणं म्हणजे दुर्लक्ष नव्हे, हे मला त्या दिवशी कळलं.

किनाऱ्यावर आल्यावर ताईनं तिला टॉवेलात गुंडाळलं आणि म्हणाली, "मी इतकी ओरडत होते, ऐकू आलं नाही का तुला?" तर ही म्हणते, "नाही गं आई. वारा होता ना." आणि मग मला म्हणते, "मावशी, दोरी मीच सोडली नाही. माझीच चूक."

दहा वर्षांची मुलगी "माझी चूक" म्हणते आणि रडत नाही. शाळेतल्या रिझल्टच्या दिवशी मी हे कधी ऐकलं नव्हतं. कारण इथे चूक दाखवायला कोणी बाई नव्हत्या. वाऱ्यानं दाखवली, आणि वारा टोमणे मारत नाही.

स्वतःच घ्यायची शिक्षा

शर्यतींबद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. शिडाच्या शर्यतीत प्रत्येक होडीमागे पंच नसतो. नियम मोडून तुम्ही दुसऱ्याच्या आड आलात, तर नियमाप्रमाणे तुम्हीच बाजूला व्हायचं आणि होडीच्या दोन पूर्ण गिरक्या घ्यायच्या. पाण्यातल्या खुणेच्या बोयाला धक्का लागला तर एक गिरकी. तोवर बाकीचे पुढे गेलेले असतात. दहा वर्षांच्या पोरांकडून ही अपेक्षा असते. सगळी पोरं घेतात का? नाही. भांडणं होतात, तक्रारी होतात, सुनावण्यासुद्धा होतात. पण अपेक्षा तीच राहते.

आणि नियमांच्या पुस्तकातला अगदी पहिला नियम जिंकण्याबद्दल नाहीच. तो असा, की कोणी संकटात असेल तर शक्य ती सगळी मदत करायची. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा लॉरेन्स लेम्यू दुसऱ्या क्रमांकावर होता. जोराचा वारा, उंच लाटा. त्याला सिंगापूरचे दोन खेळाडू पाण्यात पडलेले दिसले. त्यानं होडी वळवली, त्यांना वाचवलं, आणि शर्यत मागे टाकली. नंतर पंचांनी त्याला त्या शर्यतीचा दुसरा क्रमांक परत दिला. एकूण निकालात पदक नाही मिळालं. पण आज ते नाव लोकांच्या लक्षात आहे.

ही होडी कोणाची?

आता जरा अवघड भाग. पन्नास डॉलरात बसावी म्हणून बनवलेली ही होडी आज फायबरग्लासची असते, आणि नवी कोरी शर्यतीची होडी शिडासकट लाखांच्या घरात जाते. गावातल्या दुकानदारानं सहज द्यावी अशी ती राहिलेली नाही. जगातले मोठमोठे खेळाडू हिच्यातून तयार झाले. चार ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारा ब्रिटनचा बेन एन्स्ली लहानपणी हीच चालवायचा. पण हिच्यात बसायला मिळणं हाच मोठा प्रश्न झालाय.

आपल्या राज्याला लांबलचक किनारा आहे असं आपण अभिमानानं सांगतो. पण त्या किनाऱ्यावरच्या किती मुलांच्या हातात शिडाची दोरी येते? कोळीवाड्यातल्या पोराला पाणी माझ्या भाचीपेक्षा दसपट कळतं. तरी उन्हाळी वर्गाच्या यादीत त्याचं नाव सहसा नसतं. भाचीच्या वर्गातल्या मुलांकडे बघून मला हे टोचलं.

म्हणूनच दोन उदाहरणं सांगते. हैदराबादला समुद्र नाही. हुसेनसागर तलाव आहे. तिथल्या यॉट क्लब ऑफ हैदराबादनं सरकारी शाळांतल्या, गरीब घरांतल्या मुलांना ऑप्टिमिस्टमध्ये बसवलं, शिकवलं, आणि ती मुलं देशपातळीवरच्या स्पर्धांत उतरली. दुसरं, मध्य प्रदेशातलं देवास. देवास म्हटलं की आपल्याला कुमार गंधर्व आठवतात. त्याच देवास जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याची मुलगी, नेहा ठाकूर. समुद्र शेकडो किलोमीटर लांब. ती भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकली आणि २०२३ मध्ये चीनमध्ये झालेल्या आशियाई खेळांत तिनं शिडाच्या होडीत रौप्यपदक मिळवलं. मुलींसाठीच्या पुढच्या, मोठ्या होडीत. आणि चेन्नईची नेत्रा कुमानन एका उन्हाळी शिबिरातून या खेळात आली आणि ऑलिंपिकसाठी पात्र ठरणारी शिडाच्या शर्यतीतली पहिली भारतीय महिला झाली.

म्हणजे काय, तर समुद्र असणं पुरेसं नाही आणि नसणं ही अडचण नाही. होडी आणि शिकवणारा माणूस लागतो. तलाव तर आपल्याकडे गावोगाव आहेत.

तुमच्या घरात सात-आठ वर्षांपुढचं मूल असेल आणि तुम्हाला चौकशी करायची असेल, तर माझा अनुभव सांगते. होडी विकत घेऊ नका, होडी देणारा वर्ग शोधा. आधी पोहायला शिकवा. वर्गात गेल्यावर तीन गोष्टी बघा: प्रत्येक मुलाच्या अंगात मापाचं लाइफ जॅकेट आहे का, मुलं पाण्यात असताना सोबत मोटरबोट आहे का, आणि उलटलेली होडी सरळ करायचा सराव आधी घेतात का. यातलं एक जरी नसेल तर परत फिरा, कितीही नावाजलेली जागा असली तरी. आणि वयाची मर्यादा लक्षात ठेवा. शर्यतीत ऑप्टिमिस्ट पंधराव्या वर्षापर्यंतच. मग ती होडी पुढच्या मुलाला द्यायची.

आता शेवट. त्या दिवशी घरी जाताना ताई टॅक्सीत काही बोलली नाही. मला वाटलं, संपलं, आता ही पोरीला पाठवत नाही. रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "मी तिला सांगितलं, पुढच्या रविवारी मी येणार नाही." मी म्हटलं, "म्हणजे पाठवणार नाहीस?" तर म्हणाली, "ती जाणार आहे गं. मी नाही येणार. मला नाही बघवत. पण तिला थांबवायचं कारण मला सापडलं नाही."

पुढच्या रविवारी ती गेलीच. मला भाचीनं नंतर सांगितलं, "आई लांब झाडाखाली उभी होती. तिला वाटतं मला दिसली नाही."

तर मंडळी, आजच्यापुरतं एवढंच. तुम्ही कधी होडी उलटवली असेल, किंवा तुमच्या गावच्या तलावात कोणी शीड उभारत असेल, तर मला व्हॉइस मेसेज पाठवा. ऐकायला आवडेल. भेटू पुढच्या भागात. आणि हो, झोत आला तर दोरी सोडा!